मोटारीच्या बॅटरीचे आयुर्मान आणि ती बदलण्याचा निर्णय : उष्ण हवामानाच्या संदर्भात एक विवेचन

सारांश :

मोटारीची बॅटरी किती वर्षे टिकते आणि ती केव्हा बदलावी, हा प्रश्न प्रत्येक वाहनधारकापुढे केव्हा ना केव्हा उभा राहतो. प्रचलित उत्तर वर्षांच्या संख्येत दिले जाते. परंतु बॅटरीचे आयुष्य दिनदर्शिकेपेक्षा उष्णता, वापराची रीत आणि चार्जिंगची स्थिती यांवर अधिक अवलंबून असते. प्रस्तुत लेखात शिसे-आम्ल बॅटरीची कार्यपद्धती, तिच्या ऱ्हासाची कारणे, तपासणीच्या पद्धती आणि बदलण्याचे निकष यांचे विवेचन केले आहे. ‘उतरलेली’ बॅटरी आणि ‘झिजलेली’ बॅटरी यांतील भेद ओळखणे हा योग्य निर्णयाचा पाया आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे. जुन्या बॅटरीतील शिशाच्या विल्हेवाटीचा प्रश्नही याच निर्णयाशी जोडलेला असल्याने त्याचाही विचार केला आहे.

बीजसंज्ञा : शिसे-आम्ल बॅटरी, आयुर्मान, उष्णता, सल्फेटीकरण, भार चाचणी, शिशाचे प्रदूषण.

१. प्रस्तावना :

मोटार ही आज केवळ चैनीची वस्तू राहिलेली नाही. महाविद्यालयांच्या आवारात दुचाकींच्या बरोबरीने मोटारींच्या रांगा दिसतात. या मोटारीच्या इंजिनाविषयी आणि टायरविषयी मालक जागरूक असतो. मात्र बोनेटखाली एका कोपऱ्यात बसवलेल्या बॅटरीची आठवण त्याला बहुधा ती बंद पडल्यावरच होते. परीक्षेच्या पर्यवेक्षणासाठी सकाळी लवकर निघावे, किल्ली फिरवावी आणि नुसता ‘टक्’ असा आवाज यावा, हा अनुभव पुष्कळांना परिचित आहे. अशा वेळी शेजाऱ्यांना बोलावून धक्का मारला जातो, गाडी कशीबशी गॅरेजपर्यंत नेली जाते आणि तेथे ‘बॅटरी गेली, नवीन टाका’ एवढ्या वाक्यावर काही हजार रुपयांचा निर्णय होतो.

हा निर्णय दोन्ही बाजूंनी चुकू शकतो. बॅटरी निरोगी असताना ती बदलली तर पैसा वाया जातो, मूळ दोष तसाच राहतो आणि काही आठवड्यांत नवी बॅटरीही उतरते. उलट, झिजलेली बॅटरी केवळ आज गाडी सुरू झाली म्हणून चालवत राहिल्यास ती घाटात, रात्री किंवा रुग्णाला नेताना दगा देऊ शकते. दोन्ही चुका टाळण्यासाठी फार मोठ्या तांत्रिक ज्ञानाची गरज नाही. परंतु रसायनशास्त्र, पदार्थविज्ञान, अर्थशास्त्र आणि पर्यावरण या चारही अंगांनी या प्रश्नाकडे पाहावे लागते.

२. उद्दिष्टे :

१) मोटारीच्या बॅटरीच्या ऱ्हासाची कारणे समजून घेणे.
२) आपल्याकडील उष्ण हवामानाचा तिच्या आयुर्मानावर होणारा परिणाम स्पष्ट करणे.
३) सामान्य वाहनधारकाला करता येतील अशा तपासण्या व बदलण्याचे निकष मांडणे.
४) जुन्या बॅटरीच्या विल्हेवाटीतील सामाजिक जबाबदारी अधोरेखित करणे.

३. विषयाची व्याप्ती :

सदर लेख मोटारीतील १२ व्होल्टच्या शिसे-आम्ल बॅटरीपुरता मर्यादित आहे. विद्युत मोटारींमध्ये चाके फिरवण्यासाठी लिथियम-आयन बॅटरीसंच असतो. तथापि दिवे, संगणकीय नियंत्रण आणि मुख्य संच जोडणारे स्विच यांसाठी बहुतेक विद्युत मोटारींतही १२ व्होल्टची वेगळी बॅटरी असते. ती उतरली तर मुख्य संच भरलेला असूनही गाडी सुरू होत नाही. त्यामुळे हा विषय नव्या वाहनांच्या बाबतीतही कालबाह्य झालेला नाही.

४. बॅटरीची रचना व कार्य :

फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये शिसे-आम्ल बॅटरी तयार केली. पुन्हा पुन्हा चार्ज करता येईल अशी ती पहिली व्यवहार्य बॅटरी होय. १९१२ मध्ये कॅडिलॅक मोटारीत विजेवर चालणारा स्टार्टर बसवण्यात आला आणि हाताने दांडा फिरवून इंजिन सुरू करण्याचा त्रासदायक व धोकादायक प्रकार मागे पडू लागला. तेव्हापासून बॅटरी हा मोटारीचा अविभाज्य घटक बनला.

या बॅटरीत सहा घट एकसर जोडणीत असतात. प्रत्येक घट सुमारे २.१ व्होल्टचा असल्याने एकूण दाब सुमारे १२.६ व्होल्ट होतो. घटातील धन पट्टिकेवर लेड डायऑक्साइड, ऋण पट्टिकेवर सच्छिद्र शिसे आणि भोवती सौम्य सल्फ्युरिक आम्ल असते. वीज घेताना दोन्ही पट्टिकांवर लेड सल्फेट तयार होते आणि आम्ल पातळ होत जाते. चार्ज करताना ही क्रिया उलट दिशेने घडते. आम्लाच्या विशिष्ट गुरुत्वावरून बॅटरी किती भरलेली आहे हे कळते, त्याचे कारण हेच होय.

येथे एक गोष्ट लक्षात घेणे आवश्यक आहे. मोटारीची बॅटरी थोडा वेळ फार मोठा प्रवाह देण्यासाठी घडवलेली असते. घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीप्रमाणे तासन् तास वीज पुरवून पूर्ण रिकामे होणे तिला मानवत नाही. पातळ व सच्छिद्र पट्टिकांमुळे ती स्टार्टरला शंभराहून अधिक अँपिअर प्रवाह देऊ शकते. परंतु वारंवार खोलवर उतरल्यास त्याच पट्टिका लवकर निकामी होतात.

५. ऱ्हासाची कारणे :

बॅटरीचा ऱ्हास प्रामुख्याने चार मार्गांनी होतो.

अ) जाळीचे क्षरण : पट्टिकेतील रासायनिक द्रव्य शिशाच्या मिश्रधातूच्या जाळीवर लिंपलेले असते. धन पट्टिकेची जाळी चार्जिंगच्या प्रत्येक तासागणिक थोडी थोडी झिजते. हा ऱ्हास पूर्णपणे थांबवता येत नाही. उत्तम निगा राखलेली बॅटरीही अखेरीस याच कारणाने संपते.

आ) पाण्याची घट : चार्जिंगच्या अखेरच्या टप्प्यात पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन व ऑक्सिजन वायू बाहेर पडतात. पाण्याची पातळी पट्टिकांच्या खाली गेली की उघडा पडलेला भाग कायमचा निकामी होतो. जाळीत अँटिमनीऐवजी कॅल्शियम वापरलेल्या ‘मेंटेनन्स फ्री’ बॅटरीत ही घट पुष्कळ कमी असते. पण ती शून्य नसते.

इ) सल्फेटीकरण : बॅटरी अर्धवट उतरलेल्या स्थितीत पडून राहिली की पट्टिकांवरील लेड सल्फेटचे सूक्ष्म कण एकत्र येऊन मोठे व कठीण स्फटिक बनतात. असे स्फटिक नेहमीच्या चार्जिंगने विरघळत नाहीत आणि पट्टिकेचा तेवढा भाग कामातून जातो. आळसावलेल्या गाडीचा हा मुख्य रोग आहे.

ई) द्रव्य गळणे : रस्त्यावरील हादरे आणि वारंवार उतरणे-भरणे यांमुळे पट्टिकेवरील द्रव्य सुटून तळाशी साचते. हा गाळ पट्टिकांपर्यंत पोहोचला तर घटात आतल्या आत मंडल पूर्ण होऊन तो घट मरतो. बॅटरीची पकडपट्टी ढिली असणे ही किरकोळ बाब नव्हे, हे यावरून लक्षात येईल.

६. उष्णता : खरी शत्रू

‘थंडीत बॅटरी मरते’ हा समज थंड प्रदेशांतील अनुभवातून आला आहे आणि मोटारींसोबतच तो आपल्याकडे पोहोचला. बॅटरीवर लिहिला जाणारा ‘कोल्ड क्रँकिंग’ प्रवाहही अमेरिकी मानकानुसार उणे १८ अंश सेल्सिअस तापमानाला मोजला जातो. नागपूर, चंद्रपूर किंवा जळगावच्या वाहनधारकाला असे तापमान कधीच अनुभवावे लागत नाही. त्याच्यापुढील संकट नेमके उलट आहे.

रासायनिक क्रियांचा वेग तापमानाच्या दर १० अंश वाढीला स्थूलमानाने दुप्पट होतो. त्यामुळे जाळीचे क्षरण, पाण्याची घट आणि आपोआप उतरणे हे तिन्ही दोष उष्णतेत झपाट्याने वाढतात. बॅटरीचे तापमान सतत १० अंशांनी अधिक राहिल्यास तिचे आयुष्य जवळजवळ निम्मे होते, असा या क्षेत्रातील सर्वमान्य ठोकताळा आहे. विदर्भात मे महिन्यात हवेचेच तापमान ४५ अंशांच्या आसपास जाते. उन्हात उभ्या असलेल्या किंवा वाहतुकीच्या कोंडीत अडकलेल्या मोटारीच्या बोनेटखाली ते ६० अंशांच्याही पुढे जाऊ शकते. त्यामुळे एकाच दिवशी घेतलेल्या दोन सारख्या बॅटऱ्यांपैकी महाबळेश्वरची बॅटरी चंद्रपूरच्या बॅटरीपेक्षा दीर्घायुषी ठरणे स्वाभाविक आहे.

मात्र यात एक फसवणूक आहे. उष्णतेने केलेली हानी उन्हाळ्यात दिसत नाही. गरम हवेत इंजिनातील तेल पातळ असते, ते फिरवण्यास कमी बळ लागते आणि बॅटरीतील क्रियाही जलद होतात. त्यामुळे झिजलेली बॅटरीसुद्धा मे महिन्यात गाडी सुरू करते. पुढे पावसाळ्यातील एखाद्या गार सकाळी, वायपर, दिवे व काचेवरील वाफ घालवणारा पंखा यांचा भार अंगावर असताना, किंवा डिसेंबरात निफाडसारख्या ठिकाणच्या कडाक्याच्या थंडीत ती हात टेकते. वाहनधारक पावसाला किंवा थंडीला दोष देतो. वस्तुतः घाव उन्हाळ्याने घातलेला असतो. थंडी केवळ तो उघडकीस आणते.

आपल्याकडे सर्वसाधारण वापरात मोटारीची बॅटरी तीन ते पाच वर्षे टिकते, असा अनुभव आहे. कडक उन्हाळ्याच्या भागात आणि सतत उन्हात उभ्या राहणाऱ्या गाड्यांत ती या मर्यादेच्या खालच्या टोकाकडे, तर सावलीत उभ्या राहणाऱ्या व नियमित लांब धावणाऱ्या गाड्यांत वरच्या टोकाकडे झुकते.

७. कमी वापर आणि ‘मूक’ प्रवाह :

‘छोट्या फेऱ्यांमुळे बॅटरी खराब होते, कारण सुरू करताना खर्चलेली वीज भरून निघत नाही’ असे नेहमी सांगितले जाते. हे विधान साध्या गणिताने तपासून पाहण्यासारखे आहे. स्टार्टरने १५० अँपिअर प्रवाह दोन सेकंद घेतला, तर खर्च ३०० अँपिअर-सेकंद, म्हणजे सुमारे ०.०८ अँपिअर-तास इतकाच होतो. अल्टरनेटरने बॅटरीला केवळ ५ अँपिअर दिले तरी हा खर्च एका मिनिटात भरून निघतो. तेव्हा निदान लहान पेट्रोल मोटारीच्या बाबतीत खरा दोषी स्टार्टर नव्हे.

दोषी आहे तो गाडी बंद असतानाही वाहणारा मूक प्रवाह. घड्याळ, मध्यवर्ती कुलूप, चोरीविरोधी यंत्रणा आणि संगणकीय नियंत्रक यांना गाडी उभी असतानाही वीज लागते. आधुनिक मोटारीत हा प्रवाह २० ते ५० मिलिअँपिअर असणे सर्वसाधारण मानले जाते. तो ३० मिलिअँपिअर धरला तरी आठवड्याला सुमारे ५ अँपिअर-तास खर्च होतात. ती गाडी रविवारी केवळ दहा मिनिटे बाजारापर्यंत नेली आणि त्या वेळात बॅटरीला १० अँपिअर मिळाले, तर जमा होते सुमारे १.७ अँपिअर-तास. म्हणजे दर आठवड्याला ३ अँपिअर-तासांहून अधिक तूट. लहान मोटारीतील ३५ अँपिअर-तासांची बॅटरी या हिशेबाने पाच-सहा आठवड्यांत निम्मी रिकामी होते. आपोआप उतरणे यात धरलेलेच नाही. अर्धवट उतरलेल्या स्थितीत सल्फेटीकरण सुरू होते, हे वर पाहिलेच आहे.

मार्च २०२० मध्ये सुरू झालेल्या टाळेबंदीत हा प्रकार मोठ्या प्रमाणावर दिसून आला. कित्येक आठवडे जागेवर उभ्या असलेल्या मोटारी सुरूच होईनात. आपल्या व्यवसायात उन्हाळी सुटीत हीच परिस्थिती दरवर्षी उद्भवते. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर नुसते इंजिन पाच मिनिटे सुरू करून बंद करणे पुरेसे नाही. आठवड्यातून एकदा तीस-चाळीस मिनिटे गाडी चालवावी, अथवा बॅटरी पूर्ण चार्ज करून तिचे ऋण अग्र सोडून ठेवावे. स्वयंनियंत्रित लहान चार्जर जोडून ठेवणे हा तिसरा पर्याय होय.

८. उतरलेली आणि झिजलेली बॅटरी :

या विवेचनाचा मध्यवर्ती मुद्दा असा की, बॅटरी उतरणे आणि बॅटरी झिजणे या दोन भिन्न अवस्था आहेत. उन्हाळ्यात आटलेली विहीर पावसाने पुन्हा भरते. गाळाने बुजलेली विहीर काठोकाठ भरलेली दिसली तरी तिच्यात पाणी थोडेच असते. बॅटरीचेही तसेच आहे. व्होल्टमीटर पाण्याची पातळी दाखवतो, विहिरीची खोली दाखवत नाही. म्हणून १२.६ व्होल्ट दाखवणारी बॅटरीही झिजलेली असू शकते आणि ११.८ व्होल्ट दाखवणारी बॅटरी पूर्णतः निरोगी असू शकते. पातळी मोजण्यासाठी पुढील तक्ता उपयुक्त ठरतो.

तक्ता क्र. १ : विश्रांत स्थितीतील दाब व भरणा (सुमारे २५ अंश सेल्सिअस)

| भरणा (टक्के) | दाब (व्होल्ट) | विशिष्ट गुरुत्व |
|---|---|---|
| १०० | १२.६५ | १.२६५ |
| ७५ | १२.४५ | १.२२५ |
| ५० | १२.२४ | १.१९० |
| २५ | १२.०६ | १.१५५ |
| ० | ११.८९ | १.१२० |

हे आकडे गाडी किमान काही तास, शक्यतो रात्रभर, उभी असतानाचे आहेत. नुकत्याच थांबवलेल्या गाडीत दाब फसवा जास्त दिसतो. उष्ण प्रदेशासाठी काही उत्पादक आम्ल थोडे सौम्य ठेवतात, तर कॅल्शियम किंवा शोषक काचतंतूंच्या बॅटरीत दाब किंचित अधिक असतो. म्हणून उत्पादकाने दिलेले आकडे उपलब्ध असल्यास तेच प्रमाण मानावेत.

९. तपासणीचा क्रम :

बॅटरी बदलण्यापूर्वी पुढील क्रमाने तपासणी केल्यास चुकीच्या निर्णयाची शक्यता पुष्कळ कमी होते. पहिल्या तीन तपासण्या साध्या मल्टिमीटरने घरीही करता येतात.

१) बाह्य निरीक्षण : अग्रांवर पांढरट-हिरवट थर साचला असेल किंवा पकड ढिली असेल तर निरोगी बॅटरीही मृतवत वागते. हा थर कोमट पाणी व खाण्याचा सोडा यांनी स्वच्छ होतो. हे करताना सोड्याचे पाणी झाकणांच्या छिद्रांतून आत जाऊ देऊ नये. मात्र डबा फुगलेला, तडकलेला किंवा गळका असेल तर पुढील तपासणीची गरजच नाही. ती बॅटरी काढून टाकावी.

२) विश्रांत दाब : तो १२.४ व्होल्टपेक्षा कमी आढळल्यास आधी बॅटरी चार्जरने पूर्ण भरून घ्यावी. अपुऱ्या भरलेल्या बॅटरीविषयी कोणताही निष्कर्ष काढू नये. पूर्ण चार्जिंगनंतरही दाब १०.५ व्होल्टच्या आसपासच राहिला, तर एक घट मेला आहे असे समजावे.

३) चार्जिंगचा दाब : इंजिन सुरू असताना बॅटरीच्या अग्रांवर साधारणतः १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळाले पाहिजेत. कमी दाब अल्टरनेटर, त्याचा पट्टा किंवा वायरिंगमधील दोष दर्शवतो. सतत १५ व्होल्टच्या वर जाणारा दाब पाणी उकळवून बॅटरीचा अंत जवळ आणतो. काही नव्या मोटारींत संगणक इंधन वाचवण्यासाठी हा दाब मुद्दाम बदलता ठेवतो, याची नोंद घ्यावी.

४) मूक प्रवाह : गाडी बंद करून कुलूप लावल्यावर नियंत्रक ‘झोपी जाण्यास’ बराच वेळ लागतो. त्यानंतर मोजलेला प्रवाह ५० मिलिअँपिअरपेक्षा बराच अधिक असल्यास डिकीतील दिवा किंवा बाहेरून बसवलेली संगीतयंत्रणा, कॅमेरा यांचा शोध घ्यावा. ही मोजणी जाणकार वायरमनकडून करून घेणे इष्ट.

५) भार चाचणी : पूर्ण भरलेल्या बॅटरीवर तिच्या कोल्ड क्रँकिंग प्रवाहाच्या निम्मा भार १५ सेकंद टाकला असता दाब सुमारे २१ अंश तापमानाला ९.६ व्होल्टच्या खाली जाता कामा नये. विहिरीची खोली मोजणारी चाचणी ती हीच. आजकाल बॅटरीच्या दुकानांत अंतर्गत वाहकता मोजणारे छोटे उपकरण असते. ते भार न टाकताच अंदाज देते व पट्ट्यावर आकडे छापते. तो कागद मागून घ्यावा आणि जपून ठेवावा. सहा महिन्यांच्या अंतराने घेतलेल्या दोन पट्ट्यांची तुलना एका पट्टीपेक्षा अधिक बोलकी असते.

ज्या बॅटरीची झाकणे उघडता येतात तिच्या सहाही घटांचे विशिष्ट गुरुत्व हायड्रोमीटरने मोजता येते. पूर्ण चार्जिंगनंतर एका घटाचे वाचन इतरांहून ०.०५० किंवा त्याहून अधिक कमी असेल, तर तो घट निकामी झाला आहे. पाणी घालायचे तर केवळ डिस्टिल्ड वॉटरच घालावे. आम्ल कदापि घालू नये. आम्ल घातल्याने वाचन सुधारते, बॅटरी सुधारत नाही.

१०. बदलण्याचे निकष :

उपरोक्त विवेचनावरून पुढील निकष निश्चित करता येतात. पूर्ण चार्जिंगनंतर रात्रभर ठेवलेल्या बॅटरीचा दाब १२.४ व्होल्टच्या खाली येत असेल. भार चाचणीत ती अनुत्तीर्ण होत असेल. एखादा घट मेलेला असेल. डबा फुगलेला वा तडकलेला असेल. किंवा चार्जिंग व मूक प्रवाह दोन्ही योग्य असूनही ती पुन्हा पुन्हा उतरत असेल, तर बॅटरी बदलावी. यांपैकी एकही लक्षण नसेल तर केवळ वय झाले म्हणून ती बदलण्याचे कारण नाही.

मग वयाला काहीच अर्थ नाही काय? आहे, परंतु तो निर्णयाचा नसून सावधगिरीचा आहे. तीन वर्षे पूर्ण झालेल्या बॅटरीची वर्षातून दोनदा, मृग नक्षत्राच्या आधी आणि दिवाळीच्या सुट्टीत, तपासणी करावी. उन्हाळ्याने केलेले नुकसान पहिल्या तपासणीत कळते. दुसरी तपासणी थंडीची पूर्वतयारी ठरते. किल्ली फिरवल्यावर इंजिन पूर्वीपेक्षा सावकाश फिरणे, त्या क्षणी दिवे खूप मंदावणे, ही लक्षणे दिसल्यास तपासणी लांबवू नये. त्याचप्रमाणे, गाडी बंद पडण्याची किंमत ज्यांना परवडणारी नाही, त्यांनी निकष कडक ठेवावा. वृद्धांना रुग्णालयात नेण्यासाठी एकच गाडी असलेले कुटुंब, रात्री एकटीने दूरचा प्रवास करणारी प्राध्यापिका किंवा धक्का मारून सुरू न होणारी स्वयंचलित गिअरची मोटार, यांच्या बाबतीत चाचणीत ‘काठावर उत्तीर्ण’ झालेली बॅटरी बदलणेच शहाणपणाचे होय.

वॉरंटीविषयीही एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. वॉरंटीचा काळ म्हणजे आयुर्मान नव्हे. तो विक्रेता व ग्राहक यांच्यातील करार आहे. वॉरंटी बहुधा दोन भागांत असते. पहिल्या भागात सदोष बॅटरी विनामूल्य बदलून मिळते, दुसऱ्या भागात नव्या बॅटरीच्या किमतीत केवळ प्रमाणशीर सूट मिळते. ‘२४ अधिक २४ महिने’ याचा अर्थ चार वर्षे विनामूल्य बदल असा होत नाही. शिवाय वॉरंटी उत्पादनातील दोषाला असते. दिवा चालू राहून उतरलेल्या बॅटरीला नव्हे.

आर्थिक बाजू एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा बॅटरीची किंमत ६,००० रुपये आहे. ती ४८ महिने चालली तर दरमहा खर्च १२५ रुपये येतो. ३६ महिन्यांत बदलली तर सुमारे १६७ रुपये. फरक मोठा वाटत नाही. परंतु अल्टरनेटरचा दोष न शोधता बॅटरी बदलली आणि नवी बॅटरी वर्षभरात संपली, तर हाच खर्च दरमहा ५०० रुपये होतो. म्हणजे महागडी चूक लवकर बदलण्याची नसून न तपासता बदलण्याची आहे.

नवी बॅटरी घेताना तिच्यावरील निर्मितीचा महिना पाहावा; दुकानात सहा महिन्यांहून अधिक काळ पडून राहिलेली व मध्यंतरी चार्ज न केलेली बॅटरी घेऊ नये. वाहन-पुस्तिकेत दिलेली क्षमता, आकार व अग्रांची दिशा पाळावी. सिग्नलवर आपोआप बंद-सुरू होणाऱ्या मोटारीत त्यासाठीच बनवलेली विशेष प्रकारची बॅटरी लागते. तेथे स्वस्त साधी बॅटरी बसवल्यास ती अल्पावधीत संपते. बॅटरी काढताना आधी ऋण अग्र सोडावे आणि बसवताना ते शेवटी जोडावे. चार्जिंगच्या वेळी निघणारा हायड्रोजन ज्वालाग्राही असल्याने जवळ विडी-सिगारेट वा ठिणगी नसावी.

११. जुन्या बॅटरीचे काय?

बॅटरीच्या वजनाचा अर्ध्याहून अधिक भाग शिसे व त्याची संयुगे यांचा असतो. शिसे पुन्हा पुन्हा वितळवून वापरता येते, त्यामुळे जुन्या बॅटरीला भंगारातही चांगली किंमत येते. दुर्दैवाने हीच किंमत घातक ठरते. अनधिकृत ठिकाणी बॅटरी कुऱ्हाडीने फोडली जाते, आम्ल गटारात किंवा जमिनीवर ओतले जाते आणि शिसे उघड्या भट्टीत वितळवले जाते. सेनेगलमधील डकार शहरालगतच्या थियारोये-सुर-मेर वस्तीत अशाच बॅटरी-पुनर्वापरातून पसरलेल्या शिशामुळे २००७-०८ मध्ये १८ बालकांचा मृत्यू झाला. युनिसेफ व प्युअर अर्थ या संस्थांच्या २०२० च्या अहवालानुसार जगातील सुमारे ८० कोटी, म्हणजे दर तिघांपैकी एका बालकाच्या रक्तात शिशाचे प्रमाण प्रति डेसिलिटर ५ मायक्रोग्रॅम किंवा अधिक असून त्यांपैकी २७ कोटींहून अधिक बालके भारतातील आहेत. शिशाचे स्रोत अनेक आहेत. परंतु बॅटऱ्यांचा असुरक्षित पुनर्वापर हा त्यांतील एक प्रमुख स्रोत असल्याचे त्या अहवालात नमूद आहे. शिशाची कोणतीही मात्रा निर्धोक मानता येत नाही, अशी जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे. बालकांच्या बुद्धीवर आणि अध्ययनक्षमतेवर त्याचा होणारा परिणाम शिक्षकांनी तरी दुर्लक्षू नये असा आहे.

भारतात २००१ च्या नियमांनी जुनी शिसे-आम्ल बॅटरी विक्रेत्याकडे परत करण्याची व्यवस्था केली. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी ती व्यवस्था सर्व प्रकारच्या बॅटऱ्यांपर्यंत विस्तारून उत्पादकांवर पुनर्वापराची जबाबदारी टाकली. ग्राहकाचे कर्तव्य सोपे आहे : जुनी बॅटरी फेरीवाल्या भंगारवाल्याला न देता नवी बॅटरी घेतानाच अधिकृत विक्रेत्याकडे जमा करावी, तिच्या मोबदल्यातील सूट घ्यावी आणि ती पावतीवर नोंदवून घ्यावी. फेरीवाला शंभर-दोनशे रुपये अधिक देऊ करील; पण त्या फरकाची किंमत कोठल्या तरी वस्तीतील बालके चुकवतात.

१२. निष्कर्ष :

१) मोटारीच्या बॅटरीचे आयुर्मान आपल्याकडे साधारणतः तीन ते पाच वर्षे असले तरी ते वर्षांपेक्षा उष्णता व वापराच्या रीतीवर अधिक अवलंबून असते.
२) उष्णता बॅटरीची हानी करते, पाऊस व थंडी ती हानी केवळ उघड करतात.
३) कमी वापराच्या गाडीत स्टार्टरपेक्षा मूक प्रवाह हे बॅटरी उतरण्याचे मोठे कारण असते.
४) विश्रांत दाब बॅटरीचा भरणा दाखवतो, तिची उरलेली क्षमता केवळ भार अथवा वाहकता चाचणीतून कळते.
५) पूर्ण चार्जिंग, चार्जिंग यंत्रणेची तपासणी आणि भार चाचणी या तीन पायऱ्यांनंतरच बॅटरी बदलण्याचा निर्णय घ्यावा.
६) जुनी बॅटरी अधिकृत विक्रेत्याकडे परत करणे हा त्या निर्णयाचाच शेवटचा टप्पा मानावा.

१३. समारोप :

तपासणी न करता बदललेली प्रत्येक बॅटरी मालकाच्या खिशाला भुर्दंड देते आणि शिशाचा आणखी एक डबा अकाली भट्टीकडे पाठवते. उलट, वेळीच तपासलेली बॅटरी आपले पूर्ण आयुष्य जगते आणि मालकाला वाटेत सोडत नाही. एक साधा मल्टिमीटर, वर्षातून दोनदा दिलेला अर्धा तास आणि ‘बॅटरी उतरली आहे की झिजली आहे?’ हा एक प्रश्न, एवढ्या तयारीने कोणाही वाहनधारकाला हा निर्णय डोळसपणे घेता येईल.